लाल विंचू, काळा विंचू आणि पोकॉकसाहेब

मृगाचा पाऊस पडला की चिकलठाण्याच्या कडेच्या शेतांत, विटांच्या ढिगांत आणि नव्याने सपाट केलेल्या प्लॉटांवर विंचू निघू लागतात. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि मधे अजून उरलेली मुरमाड, दगडगोट्यांची जमीन. विंचवाला आणखी काय हवे? बिळात पाणी शिरले की तो कोरडी जागा शोधत सरपणात, चपलेत, वाळत घातलेल्या कपड्यांत येऊन बसतो. कुणाला डंख झाला आणि त्याला मिनी घाटीत किंवा जवळच्या दवाखान्यात नेले, की डॉक्टर विचारतात तो विंचू लाल होता की काळा. घरच्यांना हा प्रश्न कधीकधी वायफळ वाटतो. विंचू तो विंचू, त्यात रंग काय बघायचा?

पण त्या एका शब्दावर पुढचे चोवीस तास कसे काढायचे हे ठरू शकते. आपल्याकडचे विंचू एकमेकांपासून कसे ओळखायचे, याची सगळ्या हिंदुस्थानासाठी एकाच पुस्तकात व्यवस्थित मांडणी केली ती रेजिनाल्ड इन्स पोकॉक या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने, १९०० साली. वाघ-बिबट्यांच्या अभ्यासकांना पोकॉक हे नाव चांगले ठाऊक आहे. विंचवांशी आणि कोळ्यांशी त्यांचे असलेले नाते मात्र फारसे सांगितले जात नाही, आणि माझ्या मते त्यांचे आपल्यावरचे खरे उपकार तेच आहेत.

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ रोजी ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन भागात झाला. वडील निकोलस पोकॉक हे धर्मोपदेशक आणि इतिहासकार. आई एडिथ ही जेम्स काउल्स प्रिचर्ड या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाची मुलगी. म्हणजे घरात जुनी कागदपत्रे तपासण्याची एक परंपरा आणि माणसांच्या वंशांचे वर्गीकरण करण्याची दुसरी. मुलाने दोन्हींचा उपयोग केला, फक्त माणसांऐवजी आठ पायांच्या प्राण्यांवर. शाळेच्या वयातच त्यांना एडवर्ड पोल्टन यांची शिकवणी मिळाली. प्राण्यांचे रंग त्यांना जगायला कशी मदत करतात, या विषयावरचे हे पुढे मोठे नाव झाले. पोल्टन यांच्यामुळे या मुलाला ऑक्सफर्डच्या संग्रहालयात प्राण्यांचे सांगाडे आणि अवयव न्याहाळता आले.

नंतर ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते जीवशास्त्र आणि भूशास्त्र शिकले. तिथल्या शिक्षकांत लॉइड मॉर्गन होते. या मॉर्गन यांची एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. विंचवाभोवती विस्तवाचे कडे केले की तो स्वतःलाच नांगी मारून मरतो, असे आपल्याकडे गावोगाव सांगतात. युरोपातही हाच समज होता. मॉर्गन यांनी दक्षिण आफ्रिकेत विंचवांवर खरोखरच असे क्रूर प्रयोग करून पाहिले आणि १८८३ मध्ये विंचू आत्महत्या करत नाही असा निष्कर्ष छापला. उष्णतेने तळमळताना तो शेपूट अंगावर आपटतो, एवढेच. ऐकीव गोष्ट तपासून बघायची, हा धडा पोकॉक यांना अशा माणसाकडून मिळाला.

१८८५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात सहायक म्हणून लागले. साउथ केन्सिंग्टनची ती भव्य इमारत उघडून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. वर्षभर कीटक विभागात काढल्यावर त्यांच्याकडे अष्टपाद आणि गोम-वाणी या गटांचा संग्रह सोपवला गेला. हा काही मानाचा विभाग नव्हता. फुलपाखरे आणि पक्षी यांच्यासाठी श्रीमंत हौशी मंडळी धावत येत. कोळी आणि विंचू बरणीतल्या अल्कोहोलात रंग उडून पडलेले असत आणि त्यांना विचारणारे कुणी नसे.

अष्टपाद म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवे. सहा पायांचे ते कीटक, आठ पायांचे ते अष्टपाद. यांना पंख नसतात, मिशाही नसतात. कोळी, विंचू, गोचीड हे सगळे या एका कुळातले. शेतकरी ज्याला पिकावरचा लाल कोळी म्हणतात तो सूक्ष्म जीवही यातलाच. म्हणून कीटक मारण्यासाठी बनवलेले प्रत्येक औषध त्याला लागू पडत नाही. वर्गीकरण हा पुस्तकी विषय नाही, हे लाल कोळी आलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजेल.

पोकॉक यांच्या टेबलावर जगभरातून खोकी येत. त्यातली बरीच मुंबईहून येत. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. संस्थेचा कारभार पुढे बरीच वर्षे हर्बर्ट फिप्सन यांनी सांभाळला. फिप्सन हे मद्याचे व्यापारी. प्राणी टिकवायचे अल्कोहोलात आणि संस्थेचा सचिव मद्याचा व्यापारी, हा योग मोठा गमतीचा. दुसरे होते रॉबर्ट रॉटन, मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले अधिकारी. त्यांना आधी मुंग्यांचा नाद होता, मग विंचवांचा लागला आणि गोळा केलेले विंचू ते पोकॉक यांच्याकडे पाठवू लागले. औरंगाबाद त्या काळी निजामाच्या राज्यात होते, रॉटन यांच्या हद्दीबाहेर. विंचवांना अर्थातच हद्द ठाऊक नसते. घाटमाथ्यावरच्या आणि इथल्या बेसाल्टच्या दगडांखाली राहणाऱ्यांत बरेच भाऊबंद आहेत.

या खोक्यांतून पोकॉक यांनी एकेक जात वेगळी काढली. १८९३ मध्ये एका मोठ्या काळ्या विंचवाला त्यांनी फिप्सन यांचे नाव दिले, १८९९ मध्ये दुसऱ्याला रॉटन यांचे. १८९७ मध्ये तिसऱ्याला झँथोपस म्हटले, म्हणजे पिवळ्या पायांचा. महाराष्ट्रातल्या डोंगरांत हा आजही भेटतो. एक गोष्ट मात्र मला खटकते. दगड उलटून, बिळे खणून हे विंचू प्रत्यक्ष पकडणारे हात बहुतेक गावकऱ्यांचे आणि वनखात्याच्या शिपायांचे असणार. शास्त्रीय नावांत त्यांच्यापैकी कुणी आले नाही. तो काळच तसा होता म्हणून सोडून देता येते, पण नोंद करायला हरकत नाही.

विंचू ओळखायचा कसा? रंगावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तो वयानुसार बदलतो, कात टाकल्यावर बदलतो आणि अल्कोहोलात तर उडूनच जातो. पोकॉक विंचू उताणा करून भिंगाखाली धरत. पायांच्या मधोमध छातीवर एक लहानशी पट्टी असते. ती त्रिकोणी आहे की पंचकोनी, हे आधी बघायचे. त्यामागे दोन कंगव्यांसारखे अवयव असतात, ज्यांनी विंचू जमिनीचा वास घेतो. त्या कंगव्यांचे दात मोजायचे. मग शेपटीच्या प्रत्येक पेरावरच्या उभ्या कडा मोजायच्या. अशा दोन-दोन पर्यायांच्या प्रश्नांची साखळी त्यांनी तयार केली. हो असेल तर या ओळीवर जा, नसेल तर त्या ओळीवर, आणि शेवटी नावाशी पोचा. जिवंत विंचवावर हा उद्योग कुणी करू नये हे वेगळे सांगायला नको.

१९०० साली लंडनहून त्यांचा ग्रंथ निघाला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या मोठ्या मालिकेतला हा अष्टपादांचा खंड होता. मालिकेचे संपादक ब्लॅनफर्ड हे स्वतः दख्खनचे काळे पाषाण हिंडून तपासलेले भूशास्त्रज्ञ. पुस्तक पावणेतीनशे पानांचे. त्यात ज्या विंचवाने आपल्याकडे सर्वांत जास्त माणसे मारली, त्याचे वर्णन आहे. हा लाल विंचू पोकॉक यांनी शोधलेला नव्हे. डेन्मार्कचे फॅब्रिशिअस यांनी १७९८ मध्येच त्याला टॅम्युलस हे नाव दिले होते आणि त्या नावात तमिळ देशाची खूण आहे. पोकॉक यांनी तो ब्युथस या वंशात ठेवला आणि ठिकठिकाणचे नमुने ताडून त्याचे काही उपप्रकार केले. गुजरातचा एक, सिंधचा एक, गंगेच्या खोऱ्यातला एक आणि कोकणचा एक. कोकणच्याला नाव दिले कोंकनेन्सिस.

ऐंशी वर्षांनी हे नाव अनपेक्षित ठिकाणी पुन्हा दिसू लागले. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडच्या परिसरात रुग्ण पाहत होते. विंचू चावलेली मुले आणि धडधाकट शेतकरी दवाखान्यात येत. आधी ओकाऱ्या, मग अंगातून घामाच्या धारा, हातपाय बर्फासारखे गार आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीर स्वतःच्याच ॲड्रिनॅलिनसारख्या रसायनांच्या पुरात सापडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने ही आवळण मोकळी होते, हे डॉ. बावस्कर यांनी दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आले. लॅन्सेटसारख्या नियतकालिकांत हे काम छापले गेले. या आजारावरच्या भारतीय वैद्यकीय लेखांत अपराधी विंचवाचे पूर्ण नाव देताना कोंकनेन्सिसपुढे पोकॉक हे आडनाव कितीतरी वेळा छापलेले दिसते. संग्रहालयातल्या बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी अशी रुग्णाच्या केसपेपरापर्यंत येऊन पोचली.

मधला दुवा पुण्याचा आहे. भारतीय प्राणिविज्ञान सर्वेक्षण संस्थेचे बी. के. टिकादर आणि डी. बी. बस्तावडे यांनी १९८३ मध्ये भारतातल्या विंचवांवरचा नवा खंड लिहिला आणि पोकॉक यांची मांडणी दुरुस्त करून पुढे नेली. लाल विंचवाचा वंशही पुढे बदलला. आज त्याला हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात आणि पोकॉक यांचे उपप्रकार बहुतेक अभ्यासक वेगळे मानत नाहीत. वाचणाऱ्याचा यात गोंधळ होतो हे खरे. याच विंचवाच्या विषातून मिळालेले इबेरिओटॉक्सिन हे प्रथिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमच्या दारांचा अभ्यास करायला वापरतात. पण जुने लेख शोधायचे तर ब्युथस हे पोकॉकच्या काळचे नाव ठाऊक असावे लागते.

घरच्या वापरासाठी एक साधी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढचे चिमटे जाड आणि शेपूट बारीक, तो बहुधा मोठा काळा विंचू. दिसायला भीषण, वेदनाही खूप, पण जीव सहसा जात नाही. चिमटे नाजूक आणि शेपूट जाडजूड, तो लाल विंचवाच्या कुळातला आणि धोक्याचा. लोक नेमके उलटे धरून चालतात. काळ्या इंगळीला घाबरून पळतात आणि बोटभर लांबीच्या लाल विंचवाला चपलेने बाजूला सारतात. विंचू दिसलाच नसेल तर लक्षणे पाहावीत. ओकारी, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसले, विशेषतः लहान मुलात, तर उतारा, मंत्र, आवळून बांधणे, कापणे यात एक मिनिटही घालवू नये. प्राझोसिन आणि हाफकिनची प्रतिविष लस डॉक्टरांच्या हातूनच घ्यायची. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठणला नाथांनी विंचवाचे भारूड रचले, त्यातला विंचू काम-क्रोधाचा आणि उतारा सत्त्वगुणाचा. बांधावरच्या विंचवाला तो लागू नाही.

पोकॉक यांच्याकडे परत येऊ. कोळ्यांच्या बाबतीत त्यांनी केलेले काम विंचवांपेक्षाही टिकाऊ ठरले. १८९२ मध्ये त्यांनी कोळ्यांचे मुळापासून गट पाडले. ज्यांच्या पोटावर अजून पेरांच्या खुणा आहेत असे आदिम कोळी एकीकडे आणि बाकीचे सगळे दुसरीकडे. या बाकीच्यांतून त्यांनी मायगॅलोमॉर्फी हा गट वेगळा नोंदवला. यात झाडांच्या ढोलीत आणि जमिनीच्या बिळात राहणारे केसाळ टॅरंट्युला येतात. यांचे विषदंत कुदळीसारखे वरून खाली येतात. आपल्या घरातल्या जाळे विणणाऱ्या कोळ्यांचे दंत मात्र चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. ही नावे आजच्या पाठ्यपुस्तकांतही तशीच आहेत.

१८९९ मध्ये त्यांनी आंध्रातल्या गुत्ती इथून आलेल्या एकाच नमुन्यावरून एक टॅरंट्युला नोंदवला. निळ्या धातूसारखी झाक असलेला म्हणून नाव मेटॅलिका. तो सापडला होता रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत. पुढे शंभर वर्षे तो कुणालाच दिसला नाही. २००१ मध्ये तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. लाकडांबरोबर आगगाडीने तो गुत्तीला गेला असावा आणि लोक शतकभर चुकीच्या स्टेशनावर शोधत राहिले असावेत. आज सुंदर रंगापायी त्याची परदेशी छंदिष्टांत विक्री चालते आणि त्याचे जंगल आक्रसत चालले आहे.

या काळात त्यांनी दोनशेच्या आसपास शोधलेख लिहिले. १९०१ मध्ये स्कॉटलंडच्या खडकांतल्या, चाळीस कोटी वर्षांहून जुन्या विंचवाचा अभ्यास करून, हा प्राणी पाण्यात राहत असला पाहिजे असे त्यांनी मांडले. विंचू आधी जमिनीवर आले की समुद्रात होते, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि मग १९०४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, ते सगळे सोडून लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले. भारतातल्या कोळ्यांचे काम अर्धे राहिले होते. १९०० च्या खंडात विंचू पूर्ण आले, कोळ्यांचा मात्र काही भागच आला. जाळी विणणाऱ्या असंख्य कोळ्यांवरचा पुढचा खंड त्यांच्या हातून झाला नाही. त्यासाठी भारताला १९८० च्या दशकापर्यंत, म्हणजे टिकादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपर्यंत थांबावे लागले. पोकॉक यांनी राहायला हवे होते असे आज म्हणणे सोपे आहे. अठरा-एकोणीस वर्षे बरण्यांत डोके घातलेल्या माणसाला जिवंत प्राणी बघावेसे वाटले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

जिवंत प्राण्यांतही त्यांची वर्गीकरणाची खोड गेली नाही. प्राणिसंग्रहालयात एखादे जनावर मेले की ते त्याचे पंजे, नाकपुडी, कान यांची बारकाईने चित्रे आणि वर्णने करत. कातडी वाळली की हे मऊ भाग आक्रसून जातात, म्हणून संग्रहालयातल्यांना ते कधी नीट दिसतच नसत. १९११ मध्ये त्यांनी पिंजऱ्यातल्या प्राण्या-पक्ष्यांना निरनिराळे कीटक खायला देऊन, भडक रंगाचे कीटक खरोखर बेचव असतात का हेही पाहिले. हा विषय जुने गुरू पोल्टन यांचा. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९१६ मध्ये घशातल्या कंठिका हाडाच्या रचनेवरून त्यांनी सिंह, वाघ, बिबट्या यांना पँथेरा वंशात एकत्र आणले. विंचवाच्या छातीवरची पट्टी बघणारी तीच नजर इथे सिंहाच्या घशात गेली.

१९२३ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुन्हा त्याच संग्रहालयात, या वेळी बिनपगारी, सस्तन प्राण्यांच्या विभागात येऊन बसले. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतली कातडी आणि कवट्या साठल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांची यादी लावत बसलेले गृहस्थ होते पूर्वी विंचू पाठवणारे रॉटन. ते १९२१ मध्ये वारले आणि दोन वर्षांनी त्याच ढिगाशी पोकॉक आले. सोसायटीच्या नियतकालिकात १९२९ मध्ये वाघांवर आणि पाठोपाठ १९३० मध्ये आशियातले सिंह आणि बिबटे यांवर त्यांचे लेख आले. भारतीय सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९३९ मध्ये आणि दुसरा युद्धाच्या ऐन धुमाळीत १९४१ मध्ये निघाला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

९ ऑगस्ट १९४७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या ब्रिटिश हिंदुस्थानची प्राणिसृष्टी त्यांनी दोनदा लिहून काढली, तो देश सहा दिवसांनी स्वतंत्र झाला. २०२० मध्ये आशियातल्या मोठ्या काळ्या विंचवांची फेरमांडणी झाली. त्यात फिप्सनी, रॉटनी आणि झँथोपस या पोकॉक यांच्या तीनही जाती एका नव्या वंशात गेल्या. त्या वंशाचे नाव दख्खनवरून पाडले आहे, डेक्कनोमेट्रस.